शंभरातले वीस

माझी बायको जयमाला वारून चार महिने झाले होते. तिचा धाकटा भाऊ गजेंद्र देऊळगाव राजात शिकवणी घेतो. त्या दिवशी तो आमच्या बीबी गावाला आला तो माझ्या मुलीला, योगिनीला, कायमची घेऊन जायला. आल्या आल्या तिचे कपडे पिशवीत भरून पिशवी दारात ठेवली. मग तिचा सातवीचा गणिताचा पेपर माझ्यापुढं टाकला. नफा-तोट्याची पाचही उदाहरणं चुकली होती.

"चारशेची भाजी पाचशेले विकली. नफा शेकडा पंचवीस. हिनं वीस लिहिलं. कोणी शिकवलं वं तुले?"

"आईनं."

जयमाला बाजारात भाजी विकायची. हातात आलेल्या पैशावरून हिशेब करायची. शंभर आले की ऐंशी उद्याच्या मालाचे, ते कमरेच्या पिशवीत. वीस घरचे. म्हणून शंभरात वीस नफा. पुस्तक नफा खरेदीवर, म्हणजे ऐंशीवर काढतं, तो शेकडा पंचवीस येतो.

"दाजी, ताई अडाणी होती. तुम्ही दहावी नापास. इथं राह्यली तं पोरगी बाजारातच बसन."

"तुही कॉलेजची फी त्याच बाजारातून गेली."

"ते काढू नका."

"मग तू तिची पिशवी उचलू नको. एक उदाहरण दे. आलं तं ती इथंच राहीन."

"नाही आलं तं पाचच्या एसटीनं नेतो," तो म्हणाला. "सहाशेले विकलं, नफा शेकडा पंचवीस. खरेदी किती?"

योगिनीनं लगेच साडेचारशे लिहिलं. आईच्या रीतीनं, सहाशेतूनच शेकडा पंचवीस वजा करून.

गजेंद्र हसला. "झालं. उठ."

"मले पुस्तकाचं येते," योगिनी म्हणाली. "सरांनी शिकवलं. पण आई तसं करत नव्हती."

गजेंद्र तिच्याशी बोललाच नाही. माझ्याकडं पाहून म्हणाला, "ऐकलं? तिले सांगा, तुही आई चुकत होती म्हणून. माह्यासमोर सांगा. मग पुन्हा लिहू देतो."

त्याला तिथंच एक ठेवून द्यावी असं वाटलं. पण पिशवी दारात होती आणि साडेचार वाजले होते.

"तुही आई चुकत होती," मी म्हणालो.

योगिनीनं माझ्याकडं पाहिलं. मग साडेचारशे खोडून चारशे ऐंशी लिहिलं. गजेंद्रनं आणखी दोन उदाहरणं घातली. दोन्ही बरोबर आली. तो चहा न घेता गेला. जाताना दारातली पिशवी त्यानं पायानं बाजूला सारली.

त्या दिवसापासून योगिनी माझ्याशी बोलत नाही. सुट्टीच्या दिवशी ती बाजारात, जिथं आता मी भाजी विकतो तिथं, आईच्या जागेवर येऊन बसली. शंभर आले की ऐंशी कमरेच्या पिशवीत टाकायची आणि वीस माझ्या पुढ्यात ठेवायची, वर न पाहता. संध्याकाळपर्यंत तिनं तेच केलं.