फुटल्या म्हणायचं नाही

काचेचा पेला खाली पडला आणि मी “फुटला” म्हणाले.

“सूनबाई, सणासुदीला असलं बोलू नये. वाढला म्हणावं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्या या तोंडानं एक दिवस कुणाचं तरी घर उठेल.”

“पेल्याला काय कळतंय, आई?” म्हणत मी काचा उचलल्या.

खरं तर त्यांची ती बोलण्याची रीत मला मनापासून आवडायची. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. दिवा विझायचा नाही, शांत व्हायचा. निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’. कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. केलं, पण शब्दांना इतक्या हळुवार हातांनी धरायला शिकले ते ठाण्याच्या नौपाड्यातल्या या दोन खोल्यांत.

ते यंदाचं, १९५३ सालचं चैत्रातलं हळदीकुंकू. शेजारची हेमा सगळ्यांत शेवटी आली. उजवा हात पदराखाली. भिजवलेले हरभरे घ्यायला मात्र ओंजळ करावीच लागली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवं मनगट मोकळं, त्यावर ओरखडे आणि निळा वळ.

माझ्या मांडीवरून मालन उतरली. दोन वर्षांची पोर. तिनं त्या वळावर बोट ठेवलं. “काय झालं?”

“बांगड्या वाढल्या हो मावशीच्या,” हळदीकुंकवाला आलेल्या सुमतीकाकू गोड आवाजात म्हणाल्या.

मालन घोकू लागली, “वाढल्या. वाढल्या.”

हेमाच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिच्या नवऱ्यानं, प्रभाकरनं, आदल्या दिवशी काय केलं ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि माझी मुलगी त्या मारझोडीचं नाव शिकत होती, ‘वाढल्या’.

“फुटल्या, मालन,” मी म्हणाले. “काकांनी हात पिरगाळला, म्हणून फुटल्या.”



“कॉलेजात हेच शिकवलं वाटतं,” सुमतीकाकू पुटपुटल्या. मग हेमाकडे वळून, “खरं का गं?”

हेमा ओंजळीतल्या हरभऱ्यांकडे बघत राहिली. “पिरगाळला,” ती म्हणाली. “नेहमीच पिरगाळतो.”

संध्याकाळी प्रभाकर दारात उभा. “वहिनी, तुमचे शब्द तुमच्या घरात ठेवा.”

“शब्द माझे होते, भावजी. हात तुमचा होता.”

आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही.

आठवडा उलटायच्या आत प्रभाकरनं बिऱ्हाड डोंबिवलीला हलवलं. टांग्यात वळकटीला टेकून बसलेल्या हेमाला मी हाक मारली. तिनं वर पाहिलं, त्यानं पाहिलं, तिनं मान खाली घातली.

“बोलले होते ना,” सासूबाई म्हणाल्या.

“घर मी नाही उठवलं, आई. आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन.”

म्हणेन. पण आता आमच्यामध्ये ती भिंतही नाही, आणि पलीकडचं काही ऐकू येत नाही. दोनदा मालनला कडेवर घेऊन डोंबिवलीला गेले. दोन्ही वेळा त्यानंच दार उघडलं, “झोपली आहे” म्हणाला.

तुमच्यापैकी कुणी डोंबिवलीला स्टेशनच्या पूर्वेकडे राहत असेल, तर एक करा. विहिरीसमोरच्या बैठ्या चाळीत, शेवटची खोली. तो कचेरीत गेला की दुपारी जा. विरजण मागा, काहीही मागा, पण आत जा. कशी आहेस, असं विचारू नका, ती बरी म्हणेल. मारतो का, असंच विचारा. आणि ती बोलेपर्यंत उठू नका.