रोमा बसते तेव्हा

ताईचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. रविवारी सकाळी आमच्या घरात असं काहीही झालेलं नव्हतं. पाहुणे यायचे होते, पोहे भिजले होते, आणि आई सोप्यातल्या खुर्च्या इकडच्या तिकडं करून पुन्हा इकडं आणत होती.

"जयराज, रस्त्यावर बघ जा."

"आत्ताच बघितलं."

"मग परत बघ. ते आत्ता संपलं."

आमचं गाव कुंडलच्या पलीकडं, चारी बाजूंनी ऊस. रस्ता बघायचा म्हणजे पाण्याच्या टाकीवर चढायचं. मी चढलो, ऊस बघितला, उतरलो. ताई उंबऱ्यापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. ती पलूसला एका लॅबमध्ये रक्त तपासते, दुसऱ्याचं रक्त बघून तिचा हात कधी हलत नाही. पण आदल्या संध्याकाळी तिनं भाकरी खाता खाता सांगून टाकलं होतं, "मला हाच पायजे. हे मोडलं तर पुन्यांदा पोह्यांचा घाट घालू नका. मी बसायची न्हाई." दोन महिने ती शंभूराजशी फोनवर बोलत होती, घरच्यांना सांगून. ताई असं उघड बोलल्यावर घरात कुणाला चैन पडणार?

काळजी एकच होती: रोमा.

रोमा ही लष्करातून निवृत्त झालेली काळी लॅब्रॅडॉर. जोतीराम काका फौजेत तिचे हँडलर होते. काका तिच्या आधी निवृत्त होऊन घरी आले ते जवळपास मुके होऊनच. शेवटच्या पोस्टिंगवर काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दाराकडं पाठ करून जेवायचे नाहीत. रात्री ओरडत उठायचे. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, वेळ द्या. आम्ही वेळ दिला, त्यांनी तो ठेवून घेतला. मग रोमा निवृत्त झाली, काका रेल्वेनं जाऊन तिला घेऊन आले, आणि अंगणात पाऊल टाकताच बोलले. रोमाशी. हिंदीत.

तेव्हापासून घरातला सगळा व्यवहार रोमामार्फत चालतो.

"रोमा, भाभी को बोलो, आमटी में नमक नहीं है."

"रोमे, सांग तुझ्या सायबाला, बीपी हाय त्यांना."

रोमा दोघांकडं आळीपाळीनं बघते आणि दोघांनाही वाटतं, निरोप पोचला. वडील अजून नोकरीत आहेत, सध्या राजस्थानात. त्यांना भावाची खुशाली हवी असली की म्हणतात, "रोमाला दे जरा फोन." आम्ही देतो. आता काका रात्री ओरडले तर ती त्यांच्या छातीवर हनुवटी ठेवते, आणि तेवढ्यावर भागतं. आई तिच्यासाठी वेगळी भाकरी थापते. ती आमच्यापेक्षा खरपूस असते. मी तक्रार केली होती. ती रोमामार्फत फेटाळली गेली.

आता तिच्या नोकरीबद्दल. रोमा स्फोटकं हुंगायची. सापडली की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, समोर शांत बसायचं आणि बघत राहायचं. निवृत्ती तिला कुणी समजावून सांगितलेली नाही. दिवाळीत ती फटाक्यांच्या दुकानासमोर बसली तेव्हा तिच्या डोळ्यांत आयुष्याचं सार्थक दिसत होतं. आमच्या गल्लीत जवळपास प्रत्येक घरात माजी सैनिक आहे. दुधाचा आप्पासोसुद्धा माजी सैनिक, म्हशीला 'सावधान' म्हणतो. त्यामुळं रोमा बसली की काय करायचं हे इथं सगळ्यांना माहीत आहे.

"रोमे," आई म्हणाली, "पाव्हणं जाईपर्यंत तू आन् भावजी मागच्या खोलीत." काका शेजारीच उभे होते. ते मान हलवून आत गेले.

पाहुणे आले. सुभेदार आकाराम, निवृत्त, कडक इस्त्री, मिशीलासुद्धा. त्यांच्या पत्नी हरणाबाई. आणि शंभूराज, ज्याच्या अंगाला दोन-तीन साबणांचा एकत्र वास येत होता. फुलदाणीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये आमचे वडील होते.

"पोरगं शिरवळला कंपनीत सुपरवायझर हाय," सुभेदार म्हणाले. "दिवसभर एसीत बसतंय."

शंभूराज पोह्यांकडं बघत होता.

ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि तिच्या मागून पडदा हलला. मागच्या खोलीची कडी रोमाला कधीच अवघड नव्हती. तिनं रीतसर तपासणी सुरू केली. सुभेदारांचे बूट, फौजी सवयीनं पायातच. हरणाबाईंची पर्स, तिथं चिक्की असावी, कारण पुढं जाताना रोमा जरा रेंगाळली. मग शंभूराजचा उजवा हात. हुंगला. परत हुंगला.

आणि रोमा बसली.

"कोई हिलेगा नहीं!" दारातून काका गरजले. "सब नीचे!"

आमच्याआधी सुभेदार आडवे झाले. इस्त्रीसकट, सतरंजीवर पालथे. "हरणे, लेट!"

"आवं, पर नवं लुगडं..."

"लेट म्हंतो न्हवं!"

आई पोह्यांच्या पातेल्यासह खाली गेली. मी सोफ्यामागं. आप्पासो दुधाची कॅन घेऊन दारात आला, आत एकदा बघितलं, काही न विचारता पायरीवर झोपला. मोबाइल टेबलावर उताणा पडला.

"काय झालं रं?" वडील म्हणाले. "मला नुसता पंखा दिसतोय."

उभी राहिली फक्त ताई, कारण चहा भरलेला होता. आणि बसलेला फक्त शंभूराज, चमचा हवेत.

"चावती का ही?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी सोफ्यामागून सांगितलं. "बाँब शोधती."

"हां." त्यानं जरा विचार केला. "मग बरोबर हाय तिचं."

चमचा ताटलीत ठेवून तो म्हणाला, "बाबा, कंपनी सुटली माझी. मी विहिरीच्या ठेकेदाराकडं हाय. खडकात सुरुंग लावतो. काल बार उडवलं. हात धुतलं हुतं, लय धुतलं."

सतरंजीतून आवाज आला, "म्हंजी तू एसीत न्हाईस?"

"विहिरीत गारच असतंय, बाबा."

"सुभेदाराचा पोरगा खड्डं खणतोय! चला, उठा. निघू या." पण अजून हुकूम सुटला नव्हता. सुभेदार पडूनच राहिले आणि पडल्या पडल्या परत म्हणाले, "निघू या."

ताईच्या हातातले कप किणकिणायला लागले.

"मला ठाव हाय हे," ती म्हणाली. "त्यांनी दुसऱ्याच फोनला सांगितलं हुतं."

"आन् आमास्नी बोलली न्हाईस?" आई जमिनीवरून.

"तुमी पगार विचारला. काम काय करतो, ते कुणी विचारलं?"

"मला बी अंदाज हुता," हरणाबाई छताकडं बघत म्हणाल्या. "कपड्याला माती यायची. एसीत कुठली माती?"

त्यांच्या घरात माहीत नसलेला माणूस एकच होता आणि तो सतरंजीवर होता. "मी कुणीच न्हाई व्हय?" सुभेदार म्हणाले. "हे लग्न हुनार न्हाई."

ताईनं ट्रे घट्ट धरला. तिला कुठंतरी बघायचं होतं, म्हणून ती काकांकडं बघायला लागली.

काका पुढं आले, शंभूराजसमोर उभे राहिले. "रोमा, इनसे पूछो..."

रोमानं कानसुद्धा हलवला नाही. ती कामावर होती. कामावर ती निरोप घेत नाही.

"रोमा," काका परत म्हणाले. रोमा शंभूराजच्या हाताकडं बघत राहिली. काकांचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मध्ये रोमा नसताना समोरच्या माणसाशी कसं बोलायचं, हे ते आठवत असावेत. वर पंखा करकरत होता.

"वात पेटवली," काका मराठीत म्हणाले, "की वर पैल्यांदा कोन येतं?"

"कामगार."

"मग?"

"मुकादम."

"आन् तू?"

"मी शेवटी. डोकी मोजून."

"एकांदा बार उडलाच न्हाई, तर?"

"तर कुणाला खाली सोडत न्हाई. मालक वराडला तरी. काठावर बसून ऱ्हातो."

"एकटा?"

"व्हय. दुसऱ्याला कशाला बसवायचं?"

काका त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसले. दाराकडं पाठ होती. "लय लांब असतो त्यो येळ," ते म्हणाले.

"लय," शंभूराज म्हणाला.

आई जमिनीवर पडल्या पडल्या रडायला लागली. पाहुण्यांना वाटलं, विहिरीमुळं.

"विजयमाला," मोबाइलमधून आईला हाक मारताना वडिलांचा आवाज चिरकला, "ह्यो जोतीराम हाय का? कुणाशी बोलतोय त्यो? मला पंख्यावरनं हलवा रं कुणीतरी!"

"सुभेदार सायब," काका सतरंजीकडं वळून म्हणाले, "आधी पळणारी माणसं मी लय बघितली. ह्यो शेवटी येतो. पोरगं चांगलं हाय. आमच्या पोरीला चालतंय. तुमचं तुमी बघा."

रोमा हलली नाही, कारण शोध लागल्यावर तिला बक्षीस म्हणून चेंडू मिळतो आणि चेंडूशिवाय ती उठत नाही. चेंडू आईनं घर आवरताना सकाळी लपवला होता. कुठं, ते तिला आठवत नव्हतं. मी सोफ्यामागून लाडू फेकला. रोमानं तो नाकावरून जाऊ दिला.

सगळे पडून होते. चहा थंड होत होता. ताईचे हात भरून आले होते, पण ट्रे काही ती सोडत नव्हती.

मग सतरंजीवर हालचाल झाली. सुभेदारांनी पालथ्या अवस्थेतच गुडघा वाकवला, हात मागं नेला, बूट काढला. मोजा काढला. त्याची गच्च गुंडाळी केली, अगदी बराकीत शिकवतात तशी. ती हातात धरून ते लेकाकडं वळले.

"डोकी रोज मोजतोस?"

"रोज, बाबा."

सुभेदारांनी मोजा फेकला. रोमानं तो हवेत झेलला.

"शाब्बास!" सुभेदार ओरडले. कुणाला ते कळलं नाही, पण सगळे उठले. ताईनं ट्रे ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली. आप्पासोनं पायरीवरूनच विचारलं, "ठरलं का?" आणि उत्तराची वाट न बघता ठरल्याचं गल्लीभर सांगत सुटला.

काका आता थोडंथोडं बोलतात. आमटीत मीठ नसलं तर सरळ तोंडावर सांगतात. आईचं म्हणणं, रोमा जास्त गोडीनं सांगायची.

घोर वेगळाच लागलाय. शंभूराज आला की रोमा त्याच्यासमोर बसते, आणि ती बसली की गल्ली आडवी होते. लग्न तोंडावर आलंय. तिला घरी ठेवलं तर काका येणार नाहीत, आणि काकांशिवाय ताई उभी राहणार नाही. नवरदेवाकडचंही निम्मं वऱ्हाड फौजेतलं. मंगलाष्टकं चालू असताना अख्खा मांडव पालथा पडला तर अक्षता टाकायच्या कुणी? भटजींनी मला स्पष्ट विचारलंय, त्यांनीही झोपायचं का. म्हणून मी कालच अर्ज टपालात टाकला:

मा. कमांडंट साहेब, लष्करी श्वान प्रशिक्षण केंद्र, यांच्या सेवेशी. वरील परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन, निवृत्त श्वान रोमा हिच्या शोधयादीतून 'जावई, नग एक' ही बाब कायमस्वरूपी वगळण्यात यावी, आणि तसा आदेश लग्नाच्या मुहूर्तापूर्वी, तिला समजेल अशा वासात, निर्गमित करण्यात यावा, ही नम्र विनंती.