तिसरं ग्रिल

गोकुळ पोचला तेव्हा लोक टेम्पोवाल्याला मारत होते. मंचरहून कांदा भरून निघालेला टेम्पो वारूळवाडीच्या फाट्याजवळ रस्त्यात आडवा उभा होता. गोण्या फुटून कांदे रस्ताभर पसरले होते आणि त्यांच्यावरून घसरत घसरत माणसं त्या टेम्पोवाल्याच्या पेकाटात लाथा घालत होती.

गोकुळ एका बंगल्यावर खिडकीचं ग्रिल बसवत होता. शेजारच्या कुशाबाईचा फोन आला. फाट्यावर या, एवढंच म्हणून ती नुसतीच रडत होती, म्हणून हातातलं काम टाकून तो तसाच निघाला होता. आता गर्दीतून तीच पुढं आली आणि तिनं त्याचा दंड धरला.

"गोकुळभाऊ, नगा बघू. इंद्रा गेली."

रस्त्याच्या कडेला कुणीतरी गोणपाट टाकलं होतं. त्याखालून एक पाय बाहेर आला होता. गोकुळनं आपल्या बायकोचा पाय ओळखला.

टेम्पोवाला हात जोडून ओरडत होता, "मी न्हाई वो मारलं! त्या बाईच वाघ वाघ वरडत समोर आल्या. हातात कोयता व्हता. इचारा कुनालाबी, त्या कुनालातरी भिऊन..."

गोकुळच्या पिशवीत वेल्डिंगची खपली पाडायची हातोडी होती. ती काढून त्यानं सरळ त्याच्या तोंडावर मारली. एकदा मारली, पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी जबडा मोडल्याचा आवाज आला आणि त्याचं बोलणं थांबलं. लोकांना वाटलं, बायको गेल्याचा राग. पण तो राग नव्हता. टेम्पोवाला खरं बोलत होता, आणि ते पुढं कुणी ऐकू नये एवढंच गोकुळला पाहिजे होतं.

दोन वर्षांपूर्वी बिबट्यानं, गावात त्याला वाघच म्हणतात, कुशाबाईच्या गोठ्यातलं वासरू इंद्रायणीच्या डोळ्यांदेखत उसात ओढून नेलं होतं. तेव्हापासून ती घाबरायला लागली. पण त्या भागात कोण घाबरत नाही? बिबट्याच्या भीतीनं अर्ध्या गावानं ओट्याला जाळ्या मारून घेतल्या होत्या. गोकुळ आणि त्याचा भागीदार कासम यांचं वेल्डिंगचं दुकान त्यावरच चालत होतं. इंद्रायणी म्हणाली, ओट्याला ग्रिल लाव. त्यानं लावलं. ती म्हणाली, मागच्या दाराला लाव. तेही लावलं. बायका म्हणायच्या, गोकुळभाऊ बायकोला लई जपत्यात. त्यालाही तसंच वाटायचं.

तिची झोप उडाली. जेवण तुटलं. भिंतीला कान लावून ती तासन्‌तास उभी राहायची. गोकुळनं वनखात्याकडे अर्ज केला. त्यांची माणसं येऊन घराजवळ कॅमेरा बांधून गेली. वीस दिवसांनी त्यातले फोटो पाहिले, तर दोन-चार कुत्री होती, एक मांजर होतं, आणि बाकी सगळ्या फोटोंत कोयता घेऊन घराला फेऱ्या घालणारी इंद्रायणी होती.

वनरक्षक हळूच म्हणाला, "दादा, वाघ न्हाई हितं. ताईंना कुठंतरी दाखवा."

"क्यामेरा चुकीच्या जागी बांधलाय तुमी," गोकुळ म्हणाला.

मग पंचमीला लेक आली. रुपाली मंचरला दिलेली. आईला चकित करावं म्हणून हाक न मारता मागच्या दारानं आत आली आणि इंद्रायणीनं वळून कोयता चालवला. रुपालीच्या हाताला सात टाके पडले. दवाखान्यात गोकुळनं सांगितलं, गवत कापताना लागलं. रुपाली बापाच्या तोंडाकडं बघत राहिली, पण बोलली नाही.

कासमला मात्र खरं कळलं. त्यानं दुकानात मशीन बंद केलं आणि गोकुळसमोर येऊन बसला.

"गोकुळभाऊ, वैनीला डॉक्टरकडं नेऊ. मनाचा डॉक्टर आसतो, दवाखान्यात गुरुवारचा बसतो. माझ्या बायकूला, रहिमाबीला नेलं न्हाई का? दोन महिने घास खात नव्हती. आता गोळ्या चालू हायेत, तर मलाच शिव्या देती."

"तुझ्या घरात येडी आसंल. माझ्या न्हाई."

"येडी न्हाई रे बाबा, आजारी. साखरेचा आजार नसतो का, तसा."

गोकुळनं हाताशी असलेला लोखंडी अँगल फेकला. कासमचं कपाळ फुटलं. त्यानं काम पुसायचा बोळा जखमेवर दाबला.

"घाल आजून एक," तो म्हणाला. "पर वैनीला ने."

दुसऱ्या दिवसापासून कासम दुकानात आला नाही. गोकुळनं घराला तिसरं ग्रिल बसवलं, पुढच्या दाराबाहेर, बाहेरून कुलूप लागेल असं. घरातला कोयता त्यानं माळ्यावर लपवला. सकाळी कामाला जाताना तो कुलूप घालायचा आणि संध्याकाळी काढायचा. लोखंडाचं काम त्याला येत होतं. त्याला जे येत होतं ते त्यानं केलं.

त्या दिवशी काय झालं ते कुशाबाईनं तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर सांगितलं.

"सकाळपास्नं वरडत व्हती वो. म्हनायची, आत हाय, कुशाबाई, वाघ आत हाय. मला कोंडलंय त्याच्यासंगं. डोकं आपटत व्हती जाळीवर. रगात आलं. मला बघवंना. मी दगडानं कुलूप फोडलं. कोयता कुठनं काढला तिनं, देव जानं. मला ढकलून सुटली ती थेट हायवेला. माझं चुकलं का, भाऊ?"



दहाव्याला नदीवरून माणसं परत आली, तर ओट्यापाशी एक म्हातारी उभी होती. मी साळुबाई, म्हणाली. टेम्पोवाल्या रामदासची आई.

"माझ्या पोराचा जबडा तारंनं बांधलाय. नळीनं पेज पितो. त्याला बोलता येत न्हाई, पाटीवर लिवून दावतो, बाई आपन व्हऊन आली म्हनून. पोलीस म्हनत्यात, त्यानं नीट चालवली न्हाई. तुमाला ठावं आसंल तर तेवढं सांगा, बाबा."

गोकुळचे मेहुणे उठले. "आमची बहीन मारून वर दारात येती, थेरडे?" एकानं तिला ढकललं. ती ग्रिलवर आदळली आणि खाली बसली. दुसऱ्यानं पाय उगारला, तोच रुपाली मध्ये आली. तिनं बाही वर केली.

"मामा, ह्ये बगा. ह्ये बी टेम्पोवाल्यानं केलं का?"

दुसऱ्या मेहुण्यानं उगारलेला पाय खाली टेकवला.

"आई आजारी व्हती. बापूला ठावं व्हतं. मला ठावं व्हतं. आमी दोघांनी तिला मारलं. आता तिच्या नावावर आजून एक मारू नगा."

मोठा मेहुणा गोकुळकडं वळला. "काय वो दाजी? खरं का ह्ये?"

"खरं," गोकुळ म्हणाला. मेहुण्यानं त्याच्या थोबाडीत मारली. गोकुळनं हात वर केला नाही. दुसरी बसली तरी केला नाही.

दुपारी तो कासमच्या दारात जाऊन उभा राहिला. कासमच्या कपाळावर अजून खपली होती. "चल," एवढंच कासम म्हणाला आणि गाडी काढली.

पोलीस ठाण्यात गोकुळनं सगळं सांगितलं. ती दोन वर्षं आजारी होती. मी तिला कोंडून गेलो. ती स्वतः रस्त्यावर धावली. आणि रामदासचा जबडा जमावानं नाही, मी मोडला. हवालदार लिहिता लिहिता थांबला.

"ते लिहू का? तुमच्यावर गुन्हा लागेल."

"लिवा."

"आजाराचं नाव काय?"

गोकुळनं कासमकडं पाहिलं. कासमनं खाली पाहिलं.

"डॉक्टरला कधी दाखवलं होतं?"

"न्हाई."

"मग नाव काय घालू?"

"मला ठावं न्हाई, साहेब," गोकुळ म्हणाला. "इचारायला पायजे व्हतं."

हवालदारानं तिथं काही लिहिलं नाही. खाली गोकुळची सही घेतली.

रामदासवरची केस आता सुटेल असं सांगतात. गोकुळवर मारहाणीची लागली आहे, तारखेला तो जातो. कासम पुन्हा दुकानात यायला लागला आहे. रुपाली फोन करते, जेवलास का विचारते आणि ठेवते.

साळुबाईचं घर मंचरच्या अलीकडं, रस्त्यालाच आहे. गोकुळ तिथून दोनदा गेला. एकदा घराबाहेर तोंडाला फडकं बांधलेला माणूस बसलेला दिसला. गोकुळनं गाडी हळू केली, पण थांबवली नाही.

रामदासला भेटायचं अजून राहिलं आहे.