माझ्या पाठीवरचा तक्ता

मी एक गुणपत्रिका बोलतेय. जन्माने परदेशी आहे, पण नाक वर करून बोलायची सवय मला नाही.

जिथे माझा जन्म झाला, तिथे एक हा सगळ्यात चांगला गुण आणि सहा म्हणजे नापास. वर्गशिक्षिकेने माझ्यावर निळ्या शाईने लिहिलं: गणित एक, भाषा एक, विज्ञान दोन, चित्रकला चार. माझी मालकीण बारा वर्षांची, एका सुताराची लेक. तिने काढलेल्या घोड्यात आणि टेबलात फरक फक्त शेपटीचा, त्यामुळे चार मिळाले हेच खूप झालं!

मग तिच्या बाबांना दुसऱ्या देशात काम मिळालं. प्रवासात मी चुरगळू नये म्हणून त्यांनी मला जाड पुठ्ठ्यावर सरसाने पक्कं चिकटवलं. जीव लावून केलं हो, पण माझ्या पाठीवर दोन भाषांत छापलेला गुणांचा तक्ता त्यात गडप झाला.

नव्या शाळेत गुण दहापैकी देत. कारकूनबाईंनी चष्मा सावरला.

"गणितात एक? चित्रकला तेवढी बरी दिसतेय. हिला दोन वर्ग खाली बसवावं लागेल."

"आमच्याकडे एक म्हणजे सगळ्यात चांगला," मुलगी म्हणाली. बाबांनीही मान डोलावली.

"अहो, इथे येणारा प्रत्येक जण काही ना काही सांगतोच. कागदावर असेल तर दाखवा. चार वाजता यादी जाते."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण माझी पाठच पुठ्ठ्याला! बाहेर आल्यावर मुलीचा बांध फुटला. "बाबा, मी लहान मुलांच्यात नाही बसणार."

घरी येताच बाबांनी माझ्यावर ओलं फडकं टाकून गरम इस्त्री फिरवली. सरस सैल झाला. पातळ पात्याने ते मला सोडवू लागले. एरवी लाकूड झरझर तासणारे बाबा त्या दिवशी केसाकेसाने पुढे सरकत होते.

"सावकाश हं, बाबा."

शेवटच्या दोन ओळी पुठ्ठ्यालाच राहिल्या. पण 'एक : उत्तम' ही ओळ शाबूत निघाली.

पावणेचारला कारकूनबाईंनी ती दोनदा वाचली. यादीतली नोंद खोडली आणि त्या उठून मुलीसमोर उभ्या राहिल्या. "चुकलं माझं, बाळा. तू खरं सांगत होतीस."

त्या एका वाक्यासाठी मी त्या बाईंची जन्मभर ऋणी आहे. चूक कोणाकडूनही होते, पण लहान मुलापुढे ती कबूल करायला मन मोठं लागतं. बाबांवरही माझा राग नाही. त्यांनी चिकटवलं ते मायेने आणि सोडवलं तेही मायेनेच.

आता मी कपाटात असते, खरवडलेल्या पाठीनिशी, अगदी मजेत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की आकडा पाहून कपाळाला आठ्या घालण्याआधी आम्हाला एकदा उलटून बघत जा.

परवा सहामाहीची नवी गुणपत्रिका घरात आली. पहिलीच ओळ वाचून बाबा मटकन खुर्चीत बसले.

"गणितात नऊ? अगं, इतकी कशी घसरलीस?"

लेक पोट धरून हसत सुटली. काय झालं ते लक्षात यायला बाबांना जरा वेळ लागला. मग त्यांनी तिला जवळ ओढलं आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.