पुढे सरकवलेली खूण

मी पुस्तकात ठेवायची खूण बोलतेय. बोलतेय कसली, भांडतेय! ज्याच्या हातात पडले त्या माणसापुढे माझं काही चालत नाही, म्हणून तुमच्यापुढे तोंड सोडतेय.

पर्स शिवणाऱ्या कारागिराकडचं उरलंसुरलं चामडं मी. त्याने मला कापलं, कडेने टाके घातले, वर लाल गोंडा बांधला आणि बाईंच्या नव्या पर्सबरोबर फुकट देऊन टाकलं. बाई खऱ्या वाचणाऱ्या. थांबल्या तिथे मला ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलायच्या. मजेत होते मी.

मग बाईंचे यजमान निवृत्त झाले. जन्मभर लोकांना गाडी शिकवत, शेजारच्या सीटवरून "ब्रेक! ब्रेक!" म्हणून ओरडलेले हे साहेब. घरी बसले आणि तोंडाला कुलूपच लागलं. एका संध्याकाळी बाई म्हणाल्या, "अहो, गॅस संपला, नळ गळतोय, यापलीकडे आपण शेवटचं कधी बोललो?"

साहेबांना ते झोंबलं. "आजपासून रोज दहा पानं वाचणार! तू वाचलेलंच पुस्तक दे. मग बोलू की दोघं."

बाईंना काय आनंद झाला! बहिणीला लगेच फोन केला. आपली लाडकी जाडजूड कादंबरी काढली, मला तिच्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "मध्ये एक गंमत आहे. आत्ता सांगणार नाही. पोचलात की तुम्हीच ओरडाल."

दोन-तीन दिवस वाचलं हो गृहस्थाने. मग पुस्तक मांडीवर आणि पुस्तकात मोबाइल. लोकांच्या गाड्या कशा आपटतात त्याचे व्हिडिओ बघत बसायचे आणि उठताना मला दहा पानं पुढे सरकवायचे. अगदी मोजून! लबाडीत मात्र शिस्त.

सकाळी बाई माझा गोंडा बघायच्या आणि खूश व्हायच्या. चहा घेताना विचारायच्या, "ती सासू कशी वाटली?"

"छान रंगवलीय."

"आणि पोरीने घर सोडलं ते?"

"ते तर फारच छान."

बाई बिचाऱ्या बोलायला इतक्या आसुसलेल्या की दोघांच्या वाटचं एकट्याच बोलायच्या. हा माणूस नुसती मान हलवायचा. मला तर वाटायचं, गोंड्यासकट याच्या घशात जाऊन अडकावं.

गंमत अशी होती, की पुस्तक बांधणाऱ्याने मधली काही पानं उलटी शिवली होती. डोकं खाली, पाय वर. पुस्तक फिरवल्याशिवाय एक ओळ वाचता येणार नाही. मी त्या पानांत शिरले, त्यातून बाहेरही पडले. बाई वाट बघून थकल्या.

"वाचताना काही अडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"छे! सरसर वाचून काढलं."

बाईंनी पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरलं. साहेबांनी मान वाकडी करून बघितलं आणि चेहरा पडला. "अगं, हा त्या छापखान्याचा गाढवपणा..."

"त्यांचा एकदाच झाला, तुमचा रोज चाललाय," बाई म्हणाल्या. "वाचायचं नव्हतं तर नाही म्हणायचं! मी रोज वेड्यासारखी बडबडत होते आणि तुम्ही मजा बघत होता. मला वाटलं, म्हातारपणी का होईना, घरात बोलायला कुणीतरी मिळालं." एवढं बोलून त्या उठून गेल्या.

आता साहेब खरंच वाचतात, पहिल्या पानापासून. उलटी पानं पुस्तक फिरवून वाचली. परवा त्यांचे डोळे भरून आले. "अगं, ऐकतेस का? ही पोरगी बघ, चप्पल न घालताच घराबाहेर पडली..."

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "मला माहीत आहे. मी वाचलंय," म्हणाल्या आणि कपडे उचलून आतल्या खोलीत निघून गेल्या.

मला दया वगैरे काही आली नाही. तुम्हालाही सांगून ठेवते, वाचणं सुटलं तर सुटू द्या, मला धूळ खाऊ द्या, पण न वाचता पुढे ढकलू नका. साहेब हल्ली थांबतात तिथेच मला ठेवतात, एक पानसुद्धा इकडेतिकडे नाही. फक्त सकाळी मी कुठवर आले ते बघायला आता कुणी येत नाही.