फवारणी बंद

आत्याने दुपारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर टोमॅटोच्या पानांखालची पांढरी माशी हटली नाही, तर नळीकाका पंप भरणार आणि भाचीने आपली विद्या गुंडाळून ठेवायची.

तिन्ही काचघरं आत्याने एकटीने उभी केली होती. कीड दिसली की औषध, हा तिचा खाक्या. पण गेल्या काही वर्षांत औषधं बदलली, मात्रा वाढली, माशी मात्र अंग झटकून पुन्हा हजर. माराला पुरून उरलेल्या माश्यांचीच पोरंबाळं आता तिथे नांदत होती आणि ती औषधाला दाद देत नव्हती. त्यात, सगळा माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने फळांवरच्या औषधाच्या अवशेषांची मर्यादा खाली आणली. मागची गाडी तपासणीत नापास होऊन परत आली होती. आणखी एक परत आली, तर त्याचं दार कायमचं बंद.

म्हणून भाचीने पहिल्या काचघरातली फवारणी थांबवून तिथे खसखशीच्या दाण्याहून लहान गांधीलमाश्या सोडल्या होत्या. त्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालतात. पिल्लू काळं पडतं आणि त्यातून माशीऐवजी नवी गांधीलमाशी बाहेर येते.

काळं पिल्लू एकही दिसत नव्हतं.

"तुझ्या पाहुण्या रुसल्या वाटतं," नळीकाका म्हणाला. तो आत्याचा जुना फवारणीवाला. नळीशिवाय कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. "माझं काही म्हणणं नाही हं. बसून पगार मिळतोय."

भाचीने पानांना टांगलेली कार्डं भिंगाखाली धरली. या कार्डांवर चिकटूनच गांधीलमाश्यांचे कोष आले होते. प्रत्येक कोषाला गोल भोक होतं. म्हणजे त्या बाहेर आल्या होत्या. मग गेल्या कुठे?

ती वाफ्यात गुडघ्यांवर बसली आणि पानामागून पान पाहत सरकू लागली. पानांच्या वरच्या बाजूला बारीक काळे ठिपके होते. भिंगातून पाहिलं, तर त्यांना पंख होते. सगळ्या मेलेल्या. वाटेच्या मधोमध तर पूड सांडावी तशा पडल्या होत्या. तिने मान वर केली. डोक्यावर विजेचं भांडं टांगलेलं होतं आणि त्याच्या कडेला पिवळा थर धरला होता.

"काका, गंधकाची धुरी अजून देता?"

"रोज संध्याकाळी. खिडक्या लावल्या की बटण दाबायचं. नाहीतर पानांवर भुरीची बुरशी नाही का येणार?"

"फवारणी बंद म्हटलं होतं ना मी?"

"बंदच आहे की. नळीला बोट लावलं असेल तर सांग." काका खरोखरच दुखावला. "गंधक काय औषध आहे होय? तो तर धूर."

काकाला बोलण्यात अर्थ नव्हता. हा वास लहानपणापासून तिच्या नाकात इतका मुरला होता, की रोज सकाळी आत येऊनही तिला तो जाणवला नव्हता. या घरात गंधकाला कुणी औषध म्हणतच नसे. तीही नाही.

आत्या आली ती हातमोजे चढवूनच.

"किती काळी पडली?"

"एकही नाही."

"मग काका, भरा पंप."

"थांब आत्या. त्या हरल्या नाहीत, आपण मारल्या. गंधकाने."

"आता गंधकही वाईट? उद्या म्हणशील, श्वास घेऊ नका."

"श्वास घे की. गंधक तेवढं नको."

"आणि भुरी आली म्हणजे? तू पानं पुसत बसणार?"

"रोगट पानं मी तोडेन. सकाळी लवकर खिडक्या उघडू, ओल साचू द्यायची नाही. नव्या गांधीलमाश्या मागवते." भाची पंपाच्या आड उभी राहिली. "आज फवारलंस तरी माशी मरणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. फळांवर अवशेष मात्र राहतील. मग गाडी परत येईल."

नाकावर माशी बसू न देणाऱ्या त्या बाईने हातमोजे उतरवले.

"बापासारखीच हट्टी," ती शेवटी म्हणाली. "शिडी आण. भांडी मी उतरवते, तुझा हात पुरायचा नाही."

भुरी आलीच, उत्तरेकडच्या कोपऱ्यात. भाचीने रोज पिशव्या भरभरून पानं तोडली. बोटं हिरवी-काळी झाली, पाठ धरली. माशीही मध्येच इतकी वाढली, की आत्या दोनदा पंपापर्यंत जाऊन परतली. मग एका पानामागे एक पिल्लू काळं दिसलं, दोन दिवसांनी अख्खी रांग. पुढच्या गाडीचा नमुना तपासणीत स्वच्छ निघाला.

ते कळलं तेव्हा आत्या भिंग घेऊन पानांतच होती.

"अजून चार-दोन पांढऱ्या उडताहेत," ती कुरकुरली.

"उडू दे. त्या संपल्या तर माझ्या काय खातील?"

"म्हणजे या वयात मी कीड पाळायची?"

"थोडीशी."

आत्याने भिंग खिशात टाकलं आणि दाराशी उभ्या काकाकडे वळली. "ऐकलंत ना? दुसऱ्या काचघरातलीही भांडी उतरवा. आणि धूर, वाफ, पाणी, जे काही आत न्याल, ते आधी हिला विचारा."