शिडांच्या ओढीचा मध्य

गौतमीनं घोड धरणातल्या मासेमारीच्या होडीला आडवे बांबू घातलेली दोन चिनी शिडं शिवली. दोन्हींवर वाऱ्याची ओढ जिथं एकवटते तो मध्य क्षेत्रफळावरून काढून ती थोरल्या भावाला, सम्राटला म्हणाली, "दादा, पुढची डोलकाठी दोन फूट पुढं घे, न्हाईतर होडी वाऱ्याकडं तोंड फिरवंल."

"जुनं भोक हाय की," म्हणत त्यानं तिथंच काठी ठोकली.

दोघं भर पाण्यात असताना वारा सुटला आणि होडी गर्रकन वळली. मागच्या शिडाचा बांबू सणकन फिरून सम्राटच्या जबड्यावर बसला. रक्त थुंकत त्यानं पिसाळल्यासारखं तिचाच गळा धरला. गौतमीनं वल्हं त्याच्या मनगटावर हाणलं, मग कोयत्यानं मागच्या शिडाचा दोर तोडला. शीड कोसळलं तशी होडी सरळ झाली.

काठावर उतरल्यावर सम्राट पुटपुटला, "काठी दोन फूट पुढं घेतो."

गौतमीनं तोंड उघडलं. पण त्यानं आवळलेल्या गळ्यातून आवाजच फुटला नाही.